औरादची पदवी : एक गाव, अनेक विद्यापीठे

बिदर जिल्ह्यातल्या औरादमध्ये एखाद्या घरात आजोबा, वडील आणि मुलगा असे तिघेही पदवीधर असतील, तर तिघांच्या प्रमाणपत्रांवर उस्मानिया, कर्नाटक आणि गुलबर्गा अशी तीन वेगळी विद्यापीठे असू शकतात. आता शिकणाऱ्या पुढच्या पिढीच्या हाती बिदर विद्यापीठाचा कागद येईल. गाव जागचे हलले नाही, हद्दी मात्र हलत राहिल्या. त्यामुळे इथल्या मुलाला कॉलेज निवडताना राज्यही निवडावे लागते. (लातूर जिल्ह्यातले औराद शहाजानी वेगळे. ते महाराष्ट्रात आहे, त्यामुळे प्रवेशाचे अर्ज भरताना दोन्हींची गल्लत परवडत नाही.)

हैदराबादचे दिवस

निजामाच्या राज्यात पुढचे शिक्षण म्हणजे हैदराबाद. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. विज्ञान, कायदा, वैद्यक हे विषयही उर्दूतूनच शिकवले जात आणि पाठ्यपुस्तके भाषांतरित करायला स्वतंत्र खाते होते. बाजारातली दखनी कानावर असलेल्या बिदरकडच्या मुलाला ही भाषा अगदी परकी नव्हती. पण बोलण्यातली दखनी आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकातली उर्दू यांच्यात बरेच अंतर होते.

1938 च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही आणि त्यांची नावे काढून टाकण्यात आली. अशा विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने दार उघडले. तेव्हा टी. जे. केदार तिथले कुलगुरू होते. या चळवळीमुळे संस्थानातले कॉलेज सोडावे लागलेल्यांत पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह रावही होते. एका राज्यात अडले की दुसऱ्या राज्यातून पदवी घ्यायची, ही वाट या भागातल्या मुलांनी तेव्हापासूनच पाहिलेली आहे.

दुसरी गोष्ट नातेवाइकांची. पुढे समीक्षक आणि विचारवंत म्हणून नावाजलेले नरहर कुरुंदकर हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकले ते मामा ना. गो. नांदापूरकर यांच्या घरी राहून. मामा स्वतः मराठीचे प्राध्यापक आणि कवी. सगळ्यांच्या नशिबी असा मामा नसतो. पण औरादकडच्या मुलांचे विद्यापीठ आजही बहुधा गुणपत्रिकेपेक्षा नातेवाइकाच्या पत्त्यावरून ठरते, असे माझे मत आहे. काका लातूरला असले तर मुलगा लातूरला जातो, आणि चुलतभाऊ हैदराबादला कंपनीत लागला असेल तर हैदराबादला.

एका जिल्ह्याचे तीन तुकडे

1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य विभागले गेले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, तर औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण हे म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात. कालपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेले औराद आणि उदगीर दोन राज्यांत पडले.

उदगीरच्या मुलांना 1958 मध्ये औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ मिळाले. बिदरची कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडली गेली. साध्या कामासाठी धारवाड गाठायचे म्हणजे अख्खा उत्तर कर्नाटक ओलांडायचा. गुलबर्ग्याला 1970 मध्ये पदव्युत्तर केंद्र आणि 1980 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले, तेव्हा कुठे हे हेलपाटे कमी झाले. तिथे मराठीचाही विभाग सुरू झाला. मातृभाषेत एम. ए. करू पाहणाऱ्या सीमाभागातल्या विद्यार्थ्यासाठी ही मोठी सोय होती.

आज कुठे जाता येते?

भालकी तालुक्यातल्या हालहळ्ळीचे बिदर विद्यापीठ 2023 मध्ये सुरू झाले. 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक मंत्रिमंडळाच्या उपसमितीने नऊ नवी विद्यापीठे बंद करण्याकडे कल दाखवला, त्यातून बिदर वगळले गेले, कारण त्याला जोडलेल्या कॉलेजांची संख्या मोठी आहे.

सीमेपलीकडे उदगीर आणि देगलूरची कॉलेजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली येतात. हे विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 ला स्थापन झाले. हाच दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन आणि कर्नाटकात कल्याण कर्नाटक दिन म्हणून पाळतात. सणही वाटून घेतलेला!

कलबुर्गीजवळ (म्हणजे जुन्या गुलबर्ग्याजवळ) कडगंचीला 2009 पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथे राज्याचा प्रश्न फारसा आड येत नाही, देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पशुवैद्यक शिकायचे असेल तर विद्यापीठ बिदरलाच आहे.

खरी ठेच मात्र विद्यापीठाच्या आधी, पीयूसीला (अकरावी-बारावीला) लागते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि मग विज्ञान एकदम इंग्रजीतून. मराठी उरते ती एका भाषाविषयापुरती. सीमा ओलांडून लातूरला गेले तरी अकरावी विज्ञान इंग्रजीतच असते. तेव्हा ‘मराठीत शिकता येईल’ एवढ्याच आशेवर मुलाला पलीकडे पाठवणाऱ्या पालकांनी याचा आधी विचार करावा. कला शाखेचे गणित वेगळे. तिथे मराठीतून पदवी घेता येते आणि उदगीर खरोखर उपयोगी पडते.

दोन दाखले

कर्नाटकात राहायचे तर राज्यघटनेच्या कलम 371(जे) चा दाखला हवा. 98 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या तरतुदीनुसार कल्याण कर्नाटकातल्या (बिदर-कलबुर्गीकडच्या भागातल्या) शिक्षणसंस्थांत 70 टक्के आणि राज्यात अन्यत्र 8 टक्के जागा या भागातल्या स्थानिकांसाठी राखीव असतात. हा दाखला असिस्टंट कमिशनरच्या कचेरीतून मिळतो.

महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर वादग्रस्त सीमाभागातल्या उमेदवारांसाठी वेगळ्या जागा असतात. त्या मोजक्याच आहेत. त्यासाठी आपले गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांत असल्याचा पुरावा लागतो आणि मातृभाषा मराठी असल्याचे प्रमाणपत्रही. ही सवलत माहीत नसल्यामुळे मुलगा परराज्यातला म्हणून अर्ज भरतो आणि संधी हातची जाते.

इथे माजी विद्यार्थ्यांचे काम आहे. औरादहून शिकून गेलेले लोक हैदराबाद, पुणे, लातूर, बेंगळुरू असे पांगले आहेत. विद्यापीठे निरनिराळी, त्यामुळे कुठल्याही एका माजी विद्यार्थी संघात ते एकत्र येत नाहीत. सुट्टीत गावी आल्यावर त्यांनी आपल्या शाळेत तासभर बसून कोणता अर्ज कुठे आणि केव्हा भरायचा, एवढे तरी सांगावे. आणि यंदा बारावीला असलेल्यांनी दोन्ही बाजूंचे दाखले परीक्षेच्या आधीच काढून ठेवावेत. निकालानंतर कचेरीत रांग लागते.