आधी कोण गेलं?

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एखादा जीव मेला की बहुतेक जण आधी टेस्ट किट बाहेर काढतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारटपणा बरोबर, पीएच ठीक. मग दुकानात फोन जातो आणि तिकडून उत्तर येतं, ‘होतं असं कधीकधी.’ प्रवाळ पाळणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलं आहे, की कारण न कळलेला मृत्यू हा या छंदाचा भागच मानला जातो. मला ते मान्य नाही. बहुतेक वेळा कारण असतं आणि शोधलं तर सापडतं. अडचण अशी, की घातक गोष्ट येऊन गेलेली असते आणि आपण तपासतो ते त्यानंतरचं पाणी. खरा पुरावा जिवांकडे असतो. आधी कोण गेलं, कोण तगलं, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे तीन प्रश्न किटच्या आधी विचारायला हवेत.

रीफ टाकीत एकाच पाण्यात राहणारे प्राणी शरीराने एकमेकांपासून फार दूरचे असतात. मासे, कोळंबी, गोगलगायी, तारामासे, मऊ आणि कठीण प्रवाळ यांतल्या प्रत्येकाची दुबळी बाजू वेगळी. समुद्राच्या पाण्यात दर किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्री माशाच्या रक्तात त्याच्या सुमारे एक तृतीयांश. हा फरक टिकवण्यासाठी मासा सतत पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. तारामासे आणि प्रवाळ यांच्याकडे अशी यंत्रणा नाही, शोभेच्या बऱ्याच कोळंब्यांकडेही नाही. बाहेर जेवढं खारट, तेवढंच त्यांच्या आत. त्यामुळे बाष्पीभवनाची तूट भरून काढणारा ऑटो टॉप-ऑफचा फ्लोट रात्री अडकला आणि बादलीभर गोडं पाणी टाकीत गेलं, तर सकाळी मासे नेहमीसारखे पोहत असतात, तारामासा मऊ पडून विरघळू लागलेला असतो आणि कोळंबी आडवी झालेली असते. हा फरक इतका पक्का आहे, की माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर उपाय म्हणून पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ वरून हळूहळू १.००९ पर्यंत उतरवतात आणि कित्येक आठवडे तिथेच ठेवतात. मासे ते सोसतात. त्या पाण्यात प्रवाळ टिकणार नाही.

कोळंबी आणि गोगलगायी दोन्ही गेल्या, मासे मात्र धडधाकट आहेत, असं दिसलं तर तांब्याचा संशय घ्यावा. परजीवींवरच्या औषधात तांबं असतं. लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम एवढी मात्रा मासे सहन करतात, बिनकण्याचे प्राणी करत नाहीत. यातली नवलाची गोष्ट अशी, की कोळंबीच्या आणि बऱ्याच गोगलगायींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोसायनिन हे द्रव्य तांब्यावरच चालतं. तरीही पाण्यात मोकळं फिरणारं तांबं त्यांच्या कल्ल्यांना घातक ठरतं. टाकी सेकंडहँड असेल तर पहिल्या मालकाने कधी औषध टाकलं होतं का, हे विचारून घ्या. चुनखडीच्या दगडांवर तांबं चिकटून राहतं आणि पुढे पाण्यात सुटत राहतं. पाण्याच्या वाटेवरचा एखादा पितळी जोड किंवा गंजलेला क्लिपही पुरतो.

आता याच चित्रात एक बदल करा. कोळंबी गेली, मासे तडफडले, पण गोगलगायी काचेवर शांतपणे शेवाळ खरवडत आहेत. मग गुन्हेगार बहुधा खोलीत आहे. डास पळवणाऱ्या लिक्विड मशीनमध्ये, स्प्रेमध्ये, पेस्ट कंट्रोलच्या फवाऱ्यात पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं असतात. ती कीटकांच्या मज्जातंतूंवर हल्ला करतात, आणि कोळंबी ही कीटकांच्याच गोतातली, संधिपाद प्राण्यांपैकी. माशांनाही ती अत्यंत विषारी असतात. गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर मात्र त्यांचा परिणाम साधारणपणे फारच कमी होतो. एअर पंप आणि प्रोटीन स्किमर दिवसरात्र खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळत असतात, हे लक्षात घेतलं की डासांचं मशीन आणि टाकी एका खोलीत का नको ते वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणी होते, तेव्हाही तासभर खिडक्या बंद ठेवाव्यात. पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांत या कारणाला फारशी जागा मिळत नाही. आपल्या घरांत ते यादीत अगदी वर असायला हवं.

सगळ्यांत मोठा मासा पहाटे मेलेला सापडतो, तेव्हा वेळच अर्धं उत्तर देते. २५ अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; गोड्या पाण्यात सव्वाआठच्या आसपास. पाणी तापलं की दोन्ही आकडे घसरतात. दिवसा शेवाळ आणि प्रवाळांच्या पेशींतली सूक्ष्म शैवालं प्राणवायू तयार करत असतात. दिवे मालवले की तीही इतरांसारखी फक्त श्वास घेतात, त्यामुळे टाकी सर्वांत गुदमरलेली असते ती उजाडण्यापूर्वी. त्यात रात्री दोन-तीन तास वीज गेली, पंप थांबले, की टँगसारखा मोठा, सतत पोहणारा मासा आधी जातो. छोटे क्लाउनफिश तगतात. सकाळी वीज आलेली असते, पंप सुरू असतो, पाणी तपासलं तर निर्दोष! बॅटरीवर चालणारा साधा एअर पंप महागड्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त जीव वाचवतो. पैसे मोजकेच असतील तर आधी तो घ्यावा, दिव्याचं नंतर बघावं.

आठवडाभरात एकामागून एक फक्त मासेच जात असतील, तर परजीवी. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे पांढरे ठिपके काही दिवसांनी आपोआप नाहीसे होतात आणि मालक निर्धास्त होतो. प्रत्यक्षात परजीवी मासा सोडून वाळूत उतरलेला असतो. तिथे तो कवच धारण करतो, आत विभागत राहतो, आणि एकेका कवचातून शेकडो पिलं अंधारात बाहेर पडतात. ही सुटका तीन दिवसांनी होऊ शकते किंवा चार आठवड्यांनी. दुसरी लाट पहिलीपेक्षा भयंकर असते ती यामुळे. अमायलूडिनियम हा दुसरा परजीवी तर ठिपके नीट दिसण्याआधीच कल्ले निकामी करतो. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं हाच यावरचा खरा इलाज. अमोनियाबद्दल मी इथे लिहीत नाही. नव्या टाकीचं ते पहिलं पाठ्यपुस्तक आहे आणि बहुतेकांनी ते वाचलेलं असतं.

कठीण प्रवाळांची गोष्ट वेगळी, आणि सर्वांत जास्त चुकीचे निष्कर्ष इथेच काढले जातात. टाकी वर्षभर उत्तम चालते. मग फांद्यांच्या बुडापासून ऊती सुटत जातात आणि खाली पांढरा सांगाडा दिसतो. मालक म्हणतो, ‘मी तर काहीच बदललं नाही.’ तेच कारण असतं. वर्षभरात प्रवाळ वाढले, त्यांची सांगाडा बांधण्याची गरज वाढली, आणि रोज घालायच्या द्रावणाची मात्रा जुनीच राहिली. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो बांधताना पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात कमी होतात. समुद्रात अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच असते, कॅल्शियम लिटरमागे ४२० मिलिग्रॅमच्या आसपास. अल्कलिनिटी एक डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम फक्त सात मिलिग्रॅमने उतरतं. म्हणजे अल्कलिनिटी ७ वरून ४ वर आली, जवळजवळ निम्मी झाली, तरी कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आलेलं असतं. एवढा फरक घरगुती किटच्या चुकीतच खपून जातो. कॅल्शियम रोज मोजणारा माणूस त्यामुळे सगळं ठीक आहे असं समजत राहतो आणि प्रवाळ त्याच्या डोळ्यांदेखत झिजतात. एकच गोष्ट वारंवार मोजायची असेल तर अल्कलिनिटी मोजा. घसरलेली आढळली तर ती एका दुपारी वर ओढू नका. दिवसाला अर्धा डीकेएच पुरे. कमी अल्कलिनिटीतून तगलेले प्रवाळ घाईच्या दुरुस्तीत दगावतात.

ऊती सुटणं आणि रंग उडणं यांतही लोक गफलत करतात. रंग उडालेला प्रवाळ जिवंत असतो. त्याने आतली शैवालं गमावलेली असतात, पारदर्शक ऊतींतून पांढरा सांगाडा दिसतो आणि रात्री मंद टॉर्च मारली तर स्पर्शिकाही दिसू शकतात. याला उष्णता किंवा जास्त प्रकाश कारणीभूत असतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तिसरं एक कारण मात्र टाकीवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवं, ते म्हणजे अति स्वच्छता. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग वीडेनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या टाक्यांत प्रवाळांवर प्रयोग केले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार अशी स्थिती असेल तर उष्णता आणि प्रकाशाचा ताण आल्यावर प्रवाळांचा रंग लवकर उडतो. शेवाळाला घाबरून फॉस्फेट शोषणारी पावडर दुप्पट टाकणारा मालक नेमकी हीच स्थिती घरात तयार करतो. ‘शून्य’ हा आकडा अमोनियासाठी चांगला, फॉस्फेटसाठी धोक्याचा.

बंद पेटीतली तूट शोधण्याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण घरगुती नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात बायोस्फीअर-२ या काचेच्या महाकाय वास्तूत आठ माणसं सप्टेंबर १९९१ ते सप्टेंबर १९९३ अशी दोन वर्षं राहिली. आत शेती होती, जंगल होतं आणि सुमारे २६ लाख लिटर पाण्याचा, प्रवाळ असलेला छोटा समुद्रही होता. सोळा महिन्यांत हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्याही खाली गेला आणि बाहेरून तो सोडावा लागला. मातीतले जिवाणू तो वापरत होते हे उघड होतं. पण मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता, आणि तो तेवढा वाढला नव्हता. हिशेब जुळत नव्हता. जेफ सेव्हरिंगहाउस आणि वॉलेस ब्रोकर यांनी कार्बनच्या समस्थानिकांच्या मदतीने माग काढला, तेव्हा हरवलेला वायू भिंतींमध्ये सापडला. उघड्या काँक्रीटमधला चुना तो शोषून घेत होता.

एसी लावून खिडक्या कायम बंद ठेवलेल्या फ्लॅटमध्येही बंद हवेचा असाच हिशेब लहान प्रमाणात चालू असतो, फक्त इथे वायू हरवत नाही, साचतो. माणसांच्या श्वासाने खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो, तो पाण्यात विरघळतो आणि पीएच ७.८ च्या वर जायला तयार नसतो. पीएच वाढवणाऱ्या बाटल्या ओतून काही साधत नाही. एक खिडकी उघडा, किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर काढा. दोन दिवसांत फरक दिसतो.

काही मृत्यूंचं कारण टाकीत नसतंच. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे पकडण्यासाठी खडकांच्या फटींत सायनाइड फवारण्याची पद्धत रूढ झाली. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी आणल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जातो. म्हणून तो कुठून आला, कसा पकडला, हे विचारणं हाही तपासाचाच भाग. कठीण प्रवाळांबाबत तर हा प्रश्न कायद्याचाही आहे. भारतातले रीफ बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने संरक्षित. मालवणच्या पाण्यात स्नॉर्केलिंग करताना दिसलेला तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. प्रवाळांना संरक्षण मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

मृत्यू सुरू झाले की हात शिवशिवतात आणि माणूस एका दिवशी पाच गोष्टी बदलतो. तसं करू नये. आधी स्वच्छ बाटलीत टाकीचं पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवा, कारण पाणी बदललं की पुरावा गेला. प्रयोगशाळेत धातूंची तपासणी करायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं. मग हवा वाढवा, ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा, पाव टाकी पाणी नीट मिसळलेल्या, त्याच तापमानाच्या खाऱ्या पाण्याने बदला. इथपर्यंत कारण कोणतंही असलं तरी नुकसान होत नाही. यापुढचं प्रत्येक पाऊल एकेक करून, मध्ये काही दिवस सोडून. आणि एक गोष्ट कधीही करू नका: मेलेल्या टाकीतले दगड गरम पाण्यात उकळू नका किंवा वाफेने धुऊ नका. त्यांवर चिकटलेल्या काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक असतं. वाफेबरोबर ते श्वासात गेल्याने अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत.

शेवटी एक कारण असं, जे सहसा दिसतच नाही. ॲक्रोपोरा प्रवाळावर बारीक गोल, फिकट चट्टे पडत जातात, पाणी सगळ्या कसोट्यांवर उतरतं, आणि महिनोन् महिने काही उलगडत नाही. हा एका चपट्या कृमीचा उद्योग आहे. त्याचा रंग प्रवाळाशी इतका मिळतो, की भिंग धरूनही तो नजरेतून निसटतो. टाकीवाल्यांना हा कृमी कित्येक वर्षं छळत होता. शास्त्रज्ञांनी त्याला अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी असं नाव देऊन त्याचं रीतसर वर्णन केलं ते २०११ मध्ये, टाक्यांतल्याच नमुन्यांवरून. मोकळ्या समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, तो आढळल्याची नोंद त्यानंतर झाली. नवा तुकडा टाकीत सोडण्यापूर्वी औषधी द्रावणात बुडवून हलवला की मोठे कृमी गळून पडतात, अंडी पडत नाहीत. ती फांदीच्या बुडाशी, उघड्या सांगाड्यावर तपकिरी ठिपक्यांच्या झुबक्यांत चिकटलेली असतात. तेवढा भाग नखाने खरवडावा किंवा कापून टाकावा, तुकडा वेगळ्या टाकीत ठेवावा आणि काही आठवडे ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा बुडवून बघावा.