कुलसंमेलनाचें आमंत्रण

एकाच पणजोबांचीं पतवंडें रस्त्यांत समोरासमोर आलीं तरी एकमेकांस ओळखीत नाहींत, अशी स्थिति आज पुष्कळ घरांत दिसते. कोंकणांतून मुंबई-पुण्यास व तेथून परदेशीं, अशीं घराणीं पांगत गेलीं. म्हणून कित्येक घराणीं आपल्या कुलदैवताच्या गांवीं कुलसंमेलन भरवितात. रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर हें असेंच एक समुद्रकांठचें गांव होय. तेथील श्रीव्याडेश्वर हें अनेक कुळांचें कुलदैवत आहे. अशा ठिकाणीं आप्तांस कसें बोलवावें, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों. कारण संमेलनाचें यश मांडवावर नव्हे, तर आमंत्रणावर अवलंबून असतें.

पहिला प्रश्न, कोणास बोलवावें? यासाठीं प्रथम वंशावळ लिहून काढावी. हें काम मुलांनीं करावें. आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसावें व नांवें विचारावीं. जुन्या वंशावळींत बहुधा मुलग्यांच्याच शाखा पुढें चालतात; मुलीची ओळ तिच्या विवाहापाशीं थांबते. आमंत्रणाची यादी त्यावरूनच केली, तर आत्या, आतेभावंडें व लेकीबाळी सहजच वगळल्या जातात. ज्या घरांत तिचें बालपण गेलें, त्या घराच्या मेळाव्यास तिला परकी ठरविणें न्यायाचें नव्हे. म्हणून प्रत्येक मुलीची शाखाही लिहावी.

दुसरा प्रश्न, केव्हां बोलवावें? जूनपासून कोंकणांत पाऊस व खवळलेला समुद्र. म्हणून नाताळची सुटी सोयीची. दिवस निवडतांना तिथीही पाहावी. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असतां भरतीची वेळ अदमासानें कळते: चतुर्थीस सुमारें ३, अष्टमीस सुमारें ६ वाजतां, अशी भरती दिवसांतून दोनदां येते. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारें सहा तासांनीं होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असून पाण्याचा जोर कमी असतो. पाणी ओसरत असतां समुद्राची ओढ आंत असते; तेव्हां मुलांनीं पाण्यांत उतरूं नये. इतर वेळींही गांवकऱ्यांस विचारल्यावांचून उतरूं नये.

तिसरा प्रश्न, कसें बोलवावें? कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण झाली, तेव्हांपासून चिपळूणपर्यंत आगगाडीनें व पुढें मोटारीनें गुहागर गांठतां येतें. नोव्हेंबर २०२४ पासून आगगाडीची जागा प्रवासापूर्वी ६० दिवस राखून ठेवतां येते. म्हणून पत्र तीन महिने आधीं पोंचावें. पत्रांत दिवस, उतरण्याची जागा, जेवणाची व्यवस्था व वाट स्पष्ट लिहावी. मोबाइलवरील एकच संदेश सर्वांस धाडला, म्हणजे आमंत्रण झालें असें समजूं नये. ज्या वृद्ध काकूंजवळ तसा मोबाइल नाहीं, त्यांस तो संदेश कधींच पोंचत नाहीं. आणि ज्यांस पोंचतो, त्यांसही तो आपल्याचसाठीं आहे असें वाटत नाहीं.

वर्गणीचा उल्लेख विशेष जपून करावा. ठराविक रक्कम मागितली, म्हणजे गरीब नातेवाईक कांहीं तरी निमित्त सांगून घरीं राहतो आणि खरें कारण कोणास कळत नाहीं. म्हणून 'यथाशक्ति' एवढाच शब्द लिहावा. आंकडा लिहूं नये, व कोणीं किती दिलें हें जाहीर वाचूं नये. ज्या घराशीं जमिनीवरून किंवा वाटणीवरून अबोला आहे, तेथें तर पत्र टपालानें न पाठवितां कुटुंबांतील वडीलधाऱ्या माणसानें स्वतः जावें. ते आले नाहींत, तरी बोलावणें आलें होतें ही गोष्ट त्यांच्या मुलांच्या लक्षांत राहते.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत तुम्हीं एवढें करून पाहा: आपल्या पणजीचें माहेरचें नांव विचारा. तें घरांत कोणासच सांगतां आलें नाहीं, तर पहिलें पत्र कोणत्या शाखेस लिहावयाचें, तें तुमचें तुम्हांसच कळेल.