रिकाम्या पुंगळ्यांचा प्रश्न

रिव्हॉल्व्हर झाडायला सोपं. ते रिकामं करताना मात्र कारागिरांचा घाम निघाला. 1857 साली स्मिथ अँड वेसननं धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. दारू, गोळी आणि टोपी एकाच पुंगळीत आल्यामुळे भरणं झटपट झालं. पण बार उडाला की पुंगळी फुगून भोकात घट्ट बसायची. ब्रिटिश फौजेच्या 1872 च्या अ‍ॅडम्समध्ये ती सळईनं एकेक करून ढकलावी लागे.

1880 च्या एनफिल्डनं यावर भलताच तोडगा काढला. नळी खाली वाकवली की अख्खं सिलिंडर पुढे सरकायचं, आणि मागे राहिलेली चांदणीच्या आकाराची चकती पुंगळ्यांच्या कडा धरून ठेवायची. पुंगळ्या आपोआप गळून पडाव्यात, ही अपेक्षा. तळाची मात्र बऱ्याचदा अडकायची. शिवाय नवी काडतुसं भरायची ती बाजूच्या झडपेतून, एकेकच! हुशारी वाया जाते ती अशी. 1887 मध्ये वेब्ली आलं. खटका दाबून नळी खाली वाकवली की सहाही पुंगळ्या एकदम बाहेर. एनफिल्डची सद्दी सात वर्षांत संपली, म्हणून तर संग्राहकांचा जीव त्याच्यावर.

जाणकार आधी चमक पाहत नाही, खुणा पाहतो. बाणाच्या खुणेखाली ‘आय’ कोरलेलं असेल, तर ते हिंदुस्थान सरकारच्या मालकीचं.

पुण्याजवळच्या आमच्या मुळशीत हत्यार म्हटलं की सेनापती बापट आठवतात. धरणाविरुद्धच्या लढ्यात त्यांनी 1924 साली रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. संग्राहकाचा इथला शत्रू मात्र पाऊस. काळ्या दारूची राख ओल शोषते; ताम्हिणीच्या बाजूला चार महिने हवाच ओली, त्यामुळे नळी आतून खाल्ली जाते. कपाटात कोरडी हवा आणि हलकं तेल, एवढंच करावं. पॉलिश पेपर लावणाऱ्याला माझ्या मते हत्यार हातातच देऊ नये; जुना रंग आणि खुणा दोन्ही त्यात घासून जातात.

आणि कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्याचं 45 वं कलम जुनाट धाटणीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट देतं, पण दुरुस्ती करूनही त्यातून बार उडता कामा नये. उडत असेल तर परवाना हवा, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात. अ‍ॅडम्स, एनफिल्ड आणि वेब्ली तिन्ही चालू स्थितीत हवी असतील, तर एक सोडावंच लागेल.