इस्लामी वित्तव्यवस्था आणि ब्लॉकचेन तंत्रज्ञान

ठेवीवर व्याज देणे आणि कर्जावर त्याहून अधिक व्याज घेणे, या दोहोंमधील अंतरावर बँकेचे उत्पन्न उभे असते, हे भारतातील प्रत्येक बँक कर्मचारी प्रशिक्षणाच्या आरंभीच शिकतो. त्यामुळे व्याजाविना चालणारी बँक ही कल्पना त्यास प्रथमदर्शनी विसंगत वाटल्यास नवल नाही. तथापि अशा बँका कित्येक दशकांपासून कार्यरत आहेत. इजिप्तमधील मित घम्र या गावी १९६३ साली व्याजमुक्त बचत संस्थेचा प्रयोग झाला, १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक स्थापन झाली आणि मलेशियाने १९८३ मध्ये या बँकांसाठी स्वतंत्र कायदाच केला. आखाती देशांत नोकरीनिमित्त वास्तव्य करणाऱ्या मराठी खातेदारांचाही वाहन किंवा घर घेताना अशा बँकांशी संबंध येतो. अलीकडील काळात या व्यवस्थेस ब्लॉकचेन तंत्रज्ञानाची जोड देण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यांतून काय साधते आणि काय साधत नाही, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

इस्लामी वित्तव्यवहारात तीन गोष्टी निषिद्ध मानल्या जातात : रिबा म्हणजे व्याज, गरर म्हणजे करारातील अवाजवी संदिग्धता आणि मैसिर म्हणजे जुगार. केवळ काळ लोटला म्हणून पैशाने पैसा मिळवू नये; नफा हवा असेल तर खरीखुरी वस्तू, सेवा किंवा उद्योग हाती घ्यावा आणि त्यातील जोखीमही पत्करावी, हे यामागील सूत्र आहे. भागीदारीसाठी मुदारबा व मुशारका, भाडेपट्ट्यासाठी इजारा, तर मालमत्तेतील हिस्सा दर्शविणाऱ्या रोख्यांसाठी सुकूक असे करारांचे विविध प्रकार आहेत. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र मुराबहा या कराराचा वापर विपुल प्रमाणात होतो.

समजा, क्वालालंपूरमधील एका छापखान्याच्या मालकास १ लाख रिंगिट किमतीचे यंत्र हवे आहे. बँक त्यास कर्ज देत नाही. ती स्वतः ते यंत्र विकत घेते आणि आपली खरेदी किंमत व नफा उघड सांगून ते मालकास १ लाख १२ हजार रिंगिटला, हप्त्यांनी फेडण्याच्या बोलीवर विकते. हे व्याजच नव्हे काय, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. आकडेमोडीच्या दृष्टीने त्यात व कर्जात फारसा फरक नाही, हे मान्य केले पाहिजे. फरक आहे तो मधल्या काळाचा. तो काळ एक दिवसाचा असो वा एका तासाचा, त्या अवधीत यंत्र बँकेच्या मालकीचे असते. त्याच वेळी ते आगीत नष्ट झाले, तर नुकसान बँकेचे होते. ही जोखीम पत्करल्यामुळेच बँकेस १२ हजारांचा नफा वैध ठरतो.

म्हणूनच या करारात क्रमाला विलक्षण महत्त्व आहे. आधी बँकेची खरेदी, मग बँकेकडून विक्री. पुष्कळदा बँक ग्राहकालाच आपला प्रतिनिधी नेमून त्याच्याकरवी खरेदी करवून घेते आणि अडचण येथेच उद्भवते. ग्राहकाने माल आधीच उचललेला असतो, आणि खरेदीची व विक्रीची कागदपत्रे नंतर एकाच बैठकीत स्वाक्षरी होऊन पूर्ण होतात. शरियत लेखापरीक्षणात असा व्यवहार आढळल्यास त्यावरील नफा बँकेला आपल्या उत्पन्नात धरता येत नाही. तो धर्मादाय कार्याकडे वळवावा लागतो. एका तारखेवर १२ हजार रिंगिट अवलंबून असतात, असे म्हटले तरी चालेल.

ब्लॉकचेनची उपयुक्तता नेमकी या ठिकाणी आहे. ज्यांनी संगणकपूर्व काळात शाखेत रोजकीर्द लिहिली आहे, त्यांना हे तंत्रज्ञान समजण्यास वेळ लागू नये. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नसे. चुकीची नोंद दुरुस्त करावयाची तर उलट नोंद करावी लागे. ब्लॉकचेन ही अशीच रोजकीर्द होय, परंतु तिच्या प्रती अनेक संगणकांवर एकाच वेळी असतात. नोंदींच्या प्रत्येक गटात आधीच्या गटाचा गणिती ठसा समाविष्ट असल्यामुळे मागील एक अंक जरी बदलला, तरी पुढील सारी साखळी विसंगत होते आणि लबाडी उघडकीस येते. बिटकॉइनच्या निमित्ताने २००८-०९ मध्ये ही रचना जगासमोर आली. पुढे २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने त्यात ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ची, म्हणजे ठरलेली अट पूर्ण होताच आपोआप अंमलात येणाऱ्या संगणकीय कराराची, भर घातली.

इस्लामी परंपरेस ही कल्पना परकी नाही. कुराणातील सर्वांत दीर्घ आयत, म्हणजे सूरह अल-बकराची २८२ वी आयत, हिशेबाच्या नोंदीविषयीच आहे. मुदतीचे देणे लिहून ठेवावे, लेखनिकाने ते न्यायाने लिहावे आणि त्यास साक्षीदार असावेत, असा तिचा आशय आहे.

मुराबहा करार अशा साखळीवर नोंदविल्यास विक्रेत्याचे बीजक, बँकेने केलेले प्रदान, मालकीचे हस्तांतरण आणि ग्राहकास झालेली विक्री या नोंदी त्या त्या पक्षाकडून, त्या त्या वेळेच्या शिक्क्यासह होतात. बँकेच्या मालकीची नोंद झाल्याखेरीज विक्रीचा टप्पा खुलाच होणार नाही, अशी अटही घालता येते. विलंब दंडाची बाबही अशीच आहे. हप्ता थकल्यास आकारलेली दंडाची रक्कम बँकेला आपला नफा म्हणून ठेवता येत नाही. ती धर्मादाय खात्यात गेली पाहिजे. ती परस्पर तेथेच जमा होण्याची व्यवस्था करणे या तंत्रज्ञानास सहज शक्य आहे.

या दिशेने झालेले प्रत्यक्ष व्यवहार मात्र अद्याप लहान आहेत. अबुधाबीच्या अल हिलाल बँकेने २०१८ मध्ये ५० कोटी डॉलरचे पंचवार्षिक सुकूक काढले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांपैकी १० लाख डॉलरच्या रोख्यांची पुनर्विक्री व समाशोधन ब्लॉकचेनवर केले. या व्यवहाराचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु रोखे रूढ पद्धतीनेच निघाले होते आणि ब्लॉकचेनवर गेलेला भाग एकूण रकमेच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा होता, हे ध्यानात ठेवणे योग्य.

मर्यादांचा विचार करू लागल्यावर विषय अधिक गहन होतो. साखळी नोंद जपते. नोंद खरी आहे की नाही, हे तिला कळत नाही. गोदामात यंत्र नसताना ‘यंत्र मिळाले’ असे लिहिले, तर ती असत्य नोंदही तितकीच अभेद्य राहील. याहूनही कठीण प्रश्न विद्वानांमधील मतभेदांचा आहे. तवर्रुक या व्यवहारात वस्तू उधारीने घेऊन लगेच तिसऱ्यास रोखीने विकली जाते आणि ग्राहकाच्या हाती रोकड येते. बँकांनी पद्धतशीरपणे चालविलेला तवर्रुक २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने अमान्य ठरविला. त्याच वर्षी मलेशियात अशाच व्यवहारांच्या सोयीसाठी, कच्च्या पामतेलाच्या आधारावर, ‘बुर्सा सूक अल-सिला’ हा बाजारमंच सुरू झाला. संगणकीय करारात यांपैकी कोणते मत लिहावयाचे, हे संगणक ठरवू शकत नाही.

शारजाच्या दाना गॅस कंपनीचे प्रकरण या संदर्भात बोलके आहे. आपले सुमारे ७० कोटी डॉलरचे सुकूक संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार अवैध असल्याचे खुद्द या कंपनीनेच जून २०१७ मध्ये जाहीर केले. रोखे काढताना जे शरियतसंमत होते, ते फेडीची वेळ येताच तसे राहिले नाही! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने पुनर्खरेदीची हमी इंग्लिश कायद्याखाली वैध ठरविली आणि २०१८ मध्ये रोखेधारकांशी तडजोड झाली. या वादात एकही नोंद हरवलेली वा बदललेली नव्हती. वाद होता तो कराराच्या अर्थाचा, आणि परिपूर्ण ब्लॉकचेननेही तो टळला नसता.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. हिशेब लिहून ठेवण्यास सांगणाऱ्या २८२ व्या आयतीच्या दोनच आयती आधी, २८० व्या आयतीत, अडचणीत सापडलेल्या ऋणकोस सवड द्यावी असे सांगितले आहे. स्वयंचलित करारास सवड देणे ठाऊक नसते. हप्ता आला नाही की दंड, मग जप्तीची सूचना, हा त्याचा स्वभाव. फेडीची ऐपत असूनही टाळाटाळ करणारा आणि खरोखर नोकरी गमावलेला, यांतील भेद शाखेतील अनुभवी अधिकारी चौकशीअंती जाणू शकतो. म्हणून कराराच्या संहितेत जाणीवपूर्वक विराम ठेवणे, म्हणजे मनुष्याच्या निर्णयाखेरीज पुढे न सरकणारा टप्पा राखणे, अगत्याचे आहे. येथे वेग हा गुण नव्हे.

ब्लॉकचेन आणि कूटचलन या दोहोंची गल्लत होऊ नये. कूटचलनाविषयी मते भिन्न आहेत. इजिप्तच्या प्रमुख मुफ्तींनी जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइन निषिद्ध ठरविले, तर मलेशियाच्या प्रतिभूती आयोगाच्या शरियत सल्लागार परिषदेने २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारमंचावरील डिजिटल मालमत्तेच्या व्यवहारांस अनुमती दिली. नोंदवहीच्या तंत्राशी या वादाचा संबंध नाही.

भारतात हा प्रश्न तंत्रज्ञानापूर्वीच कायद्याजवळ थांबतो. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ८ नुसार, तारणाच्या वसुलीसारखे अपवाद वगळता, बँकांना वस्तूंची खरेदी-विक्री करण्यास मनाई आहे. आणि मुराबहाचा तर प्राणच खरेदी-विक्री हा आहे. डॉ. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये व्याजमुक्त बँकिंगची शिफारस केली होती. तथापि या प्रस्तावावर पुढे कार्यवाही न करण्याचा निर्णय घेतल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये माहिती अधिकाराखालील एका उत्तरात स्पष्ट केले. त्यामुळे येथील शाखांत असा करार ग्राहकासमोर येत नाही. आखातात तो करणाऱ्या खातेदाराने मात्र स्वाक्षरीपूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात : बँकेने वस्तू कोणत्या तारखेस घेतली, तिच्या किमतीत नफा किती धरला आणि विलंब दंडाची रक्कम कोणत्या खात्यात जाते. कागद असो वा साखळी, ही तीन उत्तरे त्यात लिहिलेली असावयास हवीत.