उंच केलेल्या पिकअपसाठी निघणारी साइड स्टेप : धंदा ब्रॅकेटमध्ये आहे

वेल्डिंग येतं, मशीन आहे, पण गेट-ग्रिलच्या पलीकडे काय बनवू, असं विचारणारे बरेच जण असतात. आज त्यांच्यासाठी एक छोटं, नेमकं प्रॉडक्ट समजून घेऊ : उंच केलेल्या पिकअपला लावायची आणि हवी तेव्हा काढता येणारी साइड स्टेप.

इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स घेणारा माणूस बहुधा हौशी असतो. तो लिफ्ट किट टाकतो, टायर मोठे लावतो. गाडी दोन-तीन इंच वर जाते आणि घरात कुरबुर सुरू होते, कारण आईला चढता येत नाही. पैसे मुलगा देणार, पण पायरी वापरणार ती आई. तिला पायरी जितकी खाली तितकी बरी. मुलाला मात्र गाडी दगडाधोंड्यात घालायची असते, आणि तिथे खाली लोंबणारी पायरीच आधी आपटते. दोघांचंही समाधान एकाच वस्तूत करायचं, म्हणून ती निघणारी हवी.

गाडी आली की पहिला प्रश्न विचारा : लिफ्ट कुठली? सस्पेन्शन लिफ्टमध्ये चासी आणि बॉडी दोन्ही वर जातात, त्यामुळे ब्रॅकेट जास्त खाली उतरवावा लागतो. बॉडी लिफ्टमध्ये मधे ठोकळे घालून फक्त बॉडी वर नेतात. चासीला बांधलेली पायरी तिथेच राहते आणि दाराखाली फट दिसते. गाडी सपाट जागी उभी करून जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत टेप लावा. ७० सेंमी भरलं, तर पायरी ३५ ते ४० सेंमीवर ठेवा.

आता ब्रॅकेट. चासीवर वेल्डिंग करू नका आणि नवीन भोकंही पाडू नका. चासीला लागूनच ब्रेकचे पाइप, इंधनाची लाइन, वायरिंग जातं. कंपनीने दिलेली भोकं शोधा आणि त्यांवर बोल्टने बसेल असा ब्रॅकेट बनवा.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. १०० किलोचा माणूस चासीपासून ३० सेंमी बाहेर उभा राहिला आणि ब्रॅकेटचे दोन बोल्ट वर-खाली १० सेंमी अंतरावर असले, तर वरच्या बोल्टवर साधारण ३०० किलोची ओढ येते. माणूस जोरात पाय देऊन चढतो, म्हणून दुप्पट धरा, ६०० किलो. ८.८ ग्रेडचा १० मिमी बोल्ट हे आरामात पेलतो. दगा देते ती पातळ प्लेट किंवा कच्चं वेल्ड. म्हणून प्लेट ६ मिमीची घ्या आणि एकाच ब्रॅकेटवर पूर्ण वजन येणार असं धरूनच बनवा. माणूस नेहमी मधोमध थोडाच पाय ठेवतो!

पायरी निघते कशी? ब्रॅकेटला चौकोनी पाइपचा सॉकेट, पायरीला त्याच्या आत जाणारा पाइप, आणि आडवी पिन. इथे बरेच जण फसतात. बाहेरून ५० मिमी आणि ३ मिमी जाडीचा पाइप आतून ४४ मिमी असतो. त्यात ४० चा पाइप घातला की ४ मिमी मोकळं राहतं आणि गाडी रस्त्याला लागली की खडखड सुरू. एक तर नायलॉनच्या पट्ट्या लावून फट भरा, नाही तर सॉकेटला नट वेल्ड करून बाहेरून कसायचा बोल्ट द्या. मी बोल्टच्या बाजूने आहे, पट्ट्या चिखलात झिजतात.

पिनला आर-क्लिप हवीच. शिवाय पिन पडली तरी पायरी सटकू नये म्हणून एक हूक द्या. चालत्या गाडीतून पायरी निसटून मागच्या दुचाकीवर गेली तर काय होईल, हे डोळ्यांसमोर ठेवूनच डिझाइन करा. पाय ठेवायच्या जागी चेकर प्लेट लावा. पावसात गुळगुळीत पाइपवर चप्पल घसरते.

पैशाचं बघू. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. साहित्य ४,०००, पावडर कोटिंग ८००, बोल्ट-पिन ६००. एकूण ५,४०० रुपये. पहिल्या गाडीला मोजमाप, जिग, चुकलेले तुकडे धरून २० तास लागले आणि तासाला २५० धरले, तर मजुरी ५,०००. खर्च झाला १०,४००. विक्री १०,००० ला केली तर ४०० तोटा. पण त्याच मॉडेलची दुसरी गाडी जिगवर ६ तासांत होते. खर्च ६,९००, हातात ३,१००. दर वेळी वेगळं मॉडेल घेतलंत तर तुम्ही कायम पहिल्याच गाडीवर अडकाल. म्हणून सुरुवातीला एकच मॉडेल पकडा आणि जिग जपून ठेवा.

कायद्याकडे काणाडोळा नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर मर्यादा आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. लिफ्टचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका. पायरी गाडीच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नका आणि तुमच्या डिझाइनबद्दल आरटीओत आधी लेखी विचारून घ्या.

बिलावर गाडीचं मॉडेल, लिफ्ट किती, वजनमर्यादा आणि ‘५०० किमीनंतर बोल्ट पुन्हा कसून घ्या’ हे छापा. त्या फेरीसाठी गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊ नका. गाडी जॅकवर असताना वेल्ड आणि पिन तुम्हाला स्वतः बघता येतात.