व्यवहारांत बीजगणिताचें काम किती?

निकालाच्या दिवशीं पालक आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात. "मास्तर, मुलाला हिशेब यावा हें समजतें, परंतु ह्या क्ष आणि य यांचें पुढें करावयाचें काय?" प्रश्न रास्त आहे, आणि 'बुद्धीस धार येते' एवढें सांगून त्याची बोळवण करणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

खरें तें आधीं सांगावें. दहावीच्या पुस्तकांतील वर्गसमीकरणें बहुतेक माणसें परीक्षेनंतर जन्मभर सोडवीत नाहींत. शिंपी, सुतार, भाजीवाली यांना त्रैराशिक पुरतें. स्थापत्यविशारद किंवा विमागणिती यांची गोष्ट निराळी. पण ते थोडे.

अंकगणितांत ठाऊक असलेल्या गोष्टीवरून पुढें जावयाचें असतें. व्यवहारांत मात्र पुष्कळदां शेवट समोर असतो आणि आरंभ झांकलेला. त्या झांकलेल्या राशीस नांव देऊन ती ठाऊकच आहे असें समजून चालणें, हेंच बीजगणित. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमाराच्या आपल्या 'बीजगणित' ग्रंथांत अशा राशींना यावत्तावत्, कालक, नीलक हीं नांवें वापरलीं आहेत. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे.) बगदादच्या अल्-ख्वारिज्मीनें नवव्या शतकांत आपला ग्रंथ लिहिला, तोही वारसाच्या वांटण्या, व्यापार आणि जमिनीची मोजणी यांत लोकांस उपयोग व्हावा म्हणून.

वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. समजा, १८ टक्के करासह पावती १,१८० रुपयांची आहे. करावांचून किंमत किती? पुष्कळ शहाणीं माणसें १,१८० चेच १८ टक्के काढून वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैसे सांगतात. परंतु कर बसला आहे तो मूळ किमतीवर. ती क्ष धरली, तर क्ष आणि क्षचे अठरा शतांश मिळून १,१८०; म्हणून क्ष बरोबर १,०००.

याहून मोठी गोष्ट कर्जाची. घरांत शिलाईयंत्र घ्यावयाचें आहे. कर्ज देणारा म्हणतो, "व्याज दरसाल दरशेंकडा १२, सपाट दरानें." म्हणजे १२,००० रुपयांवर वर्षाचें व्याज १,४४०, एकूण १३,४४०, बारा हप्ते, दरमहा १,१२०. सारें सरळ दिसतें. परंतु प्रत्येक हप्त्याबरोबर १,००० रुपये मुद्दल परत जात असतें. पहिल्या महिन्यांत आपल्यापाशीं १२,००० असतात, दुसऱ्यांत ११,०००, शेवटच्यांत अवघे १,०००. वर्षाची सरासरी निघते ६,५००, आणि व्याज मात्र पूर्ण १२,००० वर दिलेलें! खरा दर य धरा: ६,५०० गुणिले य भागिले १०० बरोबर १,४४०. य येतो २२ हून किंचित् अधिक. बँकेच्या सूक्ष्म रीतीनें तो साडेएकवीसच्या आसपास भरतो. कसाही मोजा, बारा नव्हे.

आतां दुसरी संस्था १८ टक्के मागते, पण उरलेल्या मुद्दलावर. तिचा हप्ता सुमारें १,१०० रुपये पडतो. अठरा स्वस्त आणि बारा महाग! ज्यास य मांडतां येत नाहीं तो बाराकडेच जाणार, आणि कागदावर लबाडीचा एक शब्दही सांपडणार नाहीं. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं असा कागद वडिलांना वाचून दाखविण्याचें काम मुलाकडे किंवा मुलीकडेच असतें. सहीच्या आधीं "व्याज कोणत्या रकमेवर?" एवढें त्यांनीं विचारलें तरी आमची शिकवणी वसूल झाली.

कचेरींतील कारकून संगणकावर एक्सेलच्या कोष्टकांत 'बी२ गुणिले सी२' असें सूत्र लिहितो, तेव्हां तोही अक्षरांशींच बोलत असतो. आंकडे उद्यां बदलतील, सूत्र तेंच राहील. त्यास कोणी बीजगणित म्हणत नाहीं इतकेंच.

सुटींत घरीं करून पाहण्यासाठीं एक उदाहरण देतों. एका दुकानदारानें मूळ किमतीवर २० टक्के सूट दिली, उरलेल्या रकमेवर १८ टक्के कर लावला आणि २,३६० रुपये घेतले. मूळ किंमत काढा. उत्तर २,५०० येतें. रीत मात्र स्वतः मांडावी, आणि ती घरच्यांस समजावून सांगावी.