हरवलेला शुक्रवार आणि ३० फेब्रुवारी

प्रशांत महासागरातल्या समोआ या देशात ३० डिसेंबर २०११ ही तारीख उजाडलीच नाही. गुरुवारी, २९ तारखेला लोक झोपले आणि उठले ते थेट शनिवारी, ३१ तारखेला. कारण व्यापाराचं होतं. समोआचा बहुतेक व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, पण देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला. समोआत शुक्रवारचं काम चालू असायचं तेव्हा तिकडे शनिवारची सुट्टी, आणि समोआतले लोक रविवारी चर्चमध्ये असायचे तेव्हा सिडनीतली ऑफिसं सोमवार म्हणून उघडलेली. आठवड्याचे दोन दिवस असे वाया जायचे. म्हणून सरकारने एक शुक्रवारच गाळून टाकला. त्या न आलेल्या शुक्रवारचा पगार मात्र कामगारांना मिळाला! याच समोआने १८९२ साली अमेरिकेशी जुळवून घेण्यासाठी ४ जुलै ही तारीख लागोपाठ दोनदा पाळली होती.

स्वीडनने तर ३० फेब्रुवारी पाहिलेली आहे. जुन्या ज्युलियन कॅलेंडरमधून नव्या ग्रेगोरियनमध्ये हळूहळू सरकायचं, म्हणजे चाळीस वर्षं २९ फेब्रुवारी गाळत जायचं, असं तिथे ठरलं. १७०० साली ती गाळलीही. पण मग युद्ध पेटलं आणि १७०४ व १७०८ साली ती गाळायची राहून गेली. स्वीडनची तारीख आता जगात कुणाशीच जुळेना. शेवटी जुन्याच कॅलेंडरकडे परतण्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीला तिसावा दिवस जोडावा लागला.

या सगळ्या घोळाचं मूळ सूर्याभोवतीच्या फेरीत आहे. पृथ्वीला त्यासाठी ३६५ दिवस आणि वर सहा तासांना काही मिनिटं कमी एवढा वेळ लागतो. ज्युलियन कॅलेंडरने ती मिनिटं सोडून दिली आणि शतकानुशतकं ती साचत गेली. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवसच काढून टाकले. ४ ऑक्टोबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार. तारखेने उडी मारली, वार मात्र सलग राहिले. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

त्याच वेळी नियम झाला की शतकवर्षाला ४०० ने पूर्ण भाग गेला तरच ते लीप वर्ष. याचा थेट फटका आपल्या एका पंतप्रधानांना बसला. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे तारखेप्रमाणे त्यांचा पहिला वाढदिवस आला तो वयाच्या आठव्या वर्षी, १९०४ साली. ९९ वर्षांच्या आयुष्यात असे वाढदिवस त्यांच्या वाट्याला आले फक्त २३. फ्रान्समध्ये ‘ला बुजी द्यू सापर’ नावाचं वर्तमानपत्र १९८० पासून फक्त २९ फेब्रुवारीलाच निघतं. पुढचा अंक २०२८ साली.

आपल्या पंचांगाने ही अडचण जास्त देखण्या रीतीने सोडवली आहे, असं मला मनापासून वाटतं. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. ही तूट साचली की एक अख्खा महिनाच वाढवायचा. हाच अधिक मास, घरोघरचा धोंड्याचा महिना. १९ वर्षांत तो सात वेळा येतो. गणिताची भरपाई आणि तिचा आनंद कुणाला, तर जावयाला! चांदीच्या नाहीतर तांब्याच्या ताटात ३३ अनारसे, वर दिवा, असं वाण त्याच्या हाती पडतं. उलट, क्वचित एखादा महिना गळतोही. असा क्षयमास १९६३-६४ मध्ये आला आणि लगेच १९ वर्षांनी, १९८२-८३ मध्ये पुन्हा. आता तो थेट पुढच्या शतकात.

मुंबईतल्या पारशी बांधवांच्या शहेनशाही कॅलेंडरमध्ये लीप दिवसच नाही. म्हणून त्यांचं नववर्ष दर चार वर्षांनी एकेक दिवस मागे सरकत आज ऑगस्टच्या मध्यावर आलं आहे.

आता त्या वाराकडे येऊ. शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद जेधे शकावलीत आहे. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र. ही शकावली लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली. आपण पाळतो ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियन पद्धतीने त्या दिवशी १ मार्च येतो. तारखा दोन, पण दोन्ही कॅलेंडरांत वार शुक्रवारच! नोंद करणाऱ्याने तिथीसोबत वार आणि नक्षत्रही लिहिलं, म्हणून साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही तो दिवस पडताळून पाहता येतो.

तेव्हा घरात बाळ जन्मलं की वहीत तारखेशेजारी तिथी आणि वारही लिहून ठेवा.